पायाळूची लाथ

मी जन्मले ती पाय पुढे करून. दोन दिवस आईला छळलं, सुईणीला घाम फोडला आणि बाहेर आले ती लाथा झाडतच, असं आमच्या घरात अजून सांगतात. असं पायाकडून जन्मलेलं मूल म्हणजे पायाळू. पायाळू माणसाने उसण भरलेल्या पाठीला लाथ मारली की उसण उतरते, हे लालबागेत कुणाला शिकवावं लागत नाही. चाळ सोडून टॉवरमध्ये राहायला गेलेलेसुद्धा कंबर धरून, लिफ्टने उतरून माझ्या दाराशी येतात.

रीत साधी आहे. सकाळी अनशापोटी यायचं, माझ्या उंबऱ्याबाहेर भिंतीला हात टेकून पाठमोरं उभं राहायचं. मी डाव्या पायाने तीन लाथा घालायच्या. आभार मानायचे नाहीत, मागे वळून बघायचं नाही, सरळ घरी जायचं. आजवर मी बँकेच्या मॅनेजरला लाथा घातल्यात, सत्यनारायण सांगणाऱ्या भटजींना घातल्यात, वर्दीतल्या हवालदाराला घातल्यात. लॅपटॉपवर वाकून वाकून पाठ धरलेल्या पोरी तर दर आठवड्याला. एवढ्या लोकांना लाथाडून वर पुण्य मिळवणारी बाई मुंबईत दुसरी नसेल.

एका माणसाला मात्र एकतीस वर्षांत माझा पाय लागला नव्हता. माझा नवरा, प्रफुल्ल. बायकोचा पाय नवऱ्याला लागला तर पाप, असं तो म्हणायचा. नवऱ्याचा हात बायकोला लागला तर काय, ते कुठल्या पोथीत नसावं, कारण तो हात आठवड्यातून दोनदा तरी लागायचाच. टेम्पो चालवणाऱ्याचा हात, गिअर ओढून ओढून लाकूड झालेला. त्याने माझा एक दात पाडला, करंगळी वाकडी केली, एकदा इस्त्री फेकली ती खांद्याला लागली. मुलगी मनू लग्न करून ठाण्याला गेली ती बापाचं तोंड बघायला येत नाही. मी लोअर परळच्या एका ऑफिसच्या कँटीनमध्ये दिवसाला अडीचशे पोळ्या लाटते. माझे हातही काही लोण्याचे नाहीत. पण ते उचलायचे असतात हे मला कुणी सांगितलं नाही आणि माझं मलाही सुचलं नाही. याचा मला अजून राग येतो.

गेल्या वर्षी गणपतीत मखरांचं सामान उतरवताना त्याची कंबर धरली. मी म्हटलं, उसण असेल. पण ती उसण नव्हती. कळ कमरेतून निघायची, डाव्या कुल्ल्यातून मांडीमागून पोटरीत उतरायची आणि थेट अंगठ्यात जाऊन फुटायची. कुणीतरी पायात जळती वायर घालून ओढतंय, असं तो ओरडायचा. नस दबली, असं सगळ्या मजल्याने निदान केलं. कळ आली की तो हातात असेल ते भिरकवायचा. कप गेले, रिमोट गेला, देव्हाऱ्यातली घंटा गॅलरीतून खाली गेली. आणि भिरकवायला काही नसलं की मी होतेच.

चाळीत दुखणं आलं की उपायांना तोटा नसतो. शेजारच्या शेवंतीने निर्गुंडीचा पाला आणला. तो वाटून, गरम करून बांधला. एका शहाण्याने दुधातून एरंडेल सांगितलं. ते पिऊन हा माणूस तसला पाय घेऊन सकाळभर गॅलरीच्या टोकाला असलेल्या संडासात ये-जा करत होता आणि प्रत्येक फेरीला एरंडेल सांगणाऱ्याच्या सात पिढ्या उद्धरत होता. मिठाच्या पुरचुंडीने शेकलं, तिळाचं तेल चोळलं, दादरच्या एका प्रदर्शनातून चुंबकाचा पट्टा आणला. काहीच लागू पडलं नाही असं नाही. कोमट शेकाने आणि तेलाने त्याला तासभर झोप लागायची. खोटं कशाला सांगू, त्या तासाभरात मीही झोपायचे.

मग कुणीतरी फणसवाडीतल्या हितेंद्रचं नाव सांगितलं. हा तळपाय दाबून नसा मोकळ्या करतो म्हणे. गिरगावातली एवढीशी खोली, भिंतीवर पायाचा मोठा नकाशा, अंगठा म्हणजे मेंदू, टाच म्हणजे कंबर. त्याने एक गुळगुळीत लाकडी दांडकं घेतलं आणि प्रफुल्लच्या अंगठ्याखाली रोवलं. प्रफुल्लने त्याच पायाने त्याच्या जबड्यावर अशी लाथ हाणली की हितेंद्र नकाशावर आपटून खाली बसला. तोंडातून रक्ताची धार. रुमालात दात गुंडाळत तो बोबडं म्हणाला, "बघा, पाय किती जोरात हलला. नस मोकळी होतेय."

शेवटी परळला मोठ्या हॉस्पिटलात गेलो. फोटो काढले, मशीनमध्ये घातलं. डॉक्टर पूर्वी म्हणून एक तरुण बाई होत्या. मणक्यामधली गादी सरकलीय, नसेवर बसलीय, कदाचित ऑपरेशन लागेल, एवढं त्या बोलल्या. ऑपरेशन हा शब्द ऐकून प्रफुल्ल उठला, फाईल त्यांच्या टेबलावर आपटली, "कापायला बसलेत साले," म्हणाला आणि लंगडत बाहेर गेला. बाकीचं त्यांनी मला एकटीला सांगितलं.

"मावशी, तेल लावा, कोमट शेक द्या, मी सांगते ते व्यायाम करू द्या, गोळ्या चुकवू नका. पण पाठीवर कुणाला उभं करायचं नाही, झटका द्यायचा नाही, लाथबिथ तर अजिबात नाही. एका झटक्यात पाय जातील." मी खाली बघितलं. माझ्या कपाळावर पायाळू लिहिलेलं नव्हतं तरी मला ते लिहिल्यासारखं वाटलं. "आणि अजून एक," त्या म्हणाल्या. "दुखतंय तोवर नस जिवंत आहे. पाय सुन्न झाला, पाऊल उचलेनासं झालं, लघवी अडायला लागली, तर त्याच दिवशी इथे आणायचं. दुखणं थांबलं म्हणून खूश होऊन घरी बसू नका. मग आम्हालाही काही करता येणार नाही."

मी मान डोलावली. घरी येऊन त्याला सगळं सांगितलं. त्याने ऐकलं की नाही, देव जाणे.

महिनाभराने एका रविवारी सकाळी तो उंबऱ्याबाहेर भिंतीला हात टेकून पाठमोरा उभा राहिला. एकतीस वर्षांचं पाप-पुण्य कळांनी धुऊन काढलं होतं.

"मार," तो म्हणाला.

"अहो, डॉक्टरांनी नको सांगितलंय. पाय जातील."

"डॉक्टरीण काय पायाळू आहे? मार सांगतो ना."

मी आत गेले. तो मागोमाग आला. कमरेचा चुंबकाचा पट्टा त्याने काढला आणि माझ्या पाठीत घातला. त्या पट्ट्यात लोखंडी चकत्या असतात. पहिल्या फटक्याला मी ओट्यावर आपटले, दुसऱ्याला माझ्या तोंडात रक्त आलं. पीठ सांडलं, डबे गडगडले. ओढत ओढत त्याने मला परत उंबऱ्यावर आणलं. तोवर सगळी गॅलरी जमली होती. मला वाटलं, आता कुणीतरी त्याचा हात धरेल.

"मार गो कालिंदी," शेवंती म्हणाली. "किती दिवस तडफडवणार त्याला?"

"जगाला मारते, नवऱ्यालाच नाय," मागून कुणीतरी म्हणालं. "काय ती अक्कड."

तो परत भिंतीला टेकला. मी पाय उचलला. टाच त्याच्या कमरेवर ठेवली तेव्हा बंडीतून मणका लागत होता, आणि मणका थरथरत होता. मनात आलं, घालावी. अंगात होता नव्हता तेवढा जोर लावून एकच. त्यानेच मागितली होती, साक्षीला सगळा मजला होता, जन्मात कुणी मला बोल लावला नसता. दात, करंगळी, खांदा, सगळं एका लाथेत फिटलं असतं. माझी मांडी अक्षरशः वळवळत होती.

मग मी टाच नुसती टेकवली. फुलका फुगावा म्हणून फडक्याने दाबतात, तेवढीच. तीनदा. दया आली असं कुणी समजू नये. एवढंच डोक्यात आलं की मारली तर हा जन्मभर माझ्याच खोलीत आडवा पडेल आणि त्याचं हगणं-मुतणं मलाच काढावं लागेल.

तो ओरडला, खाली बसला, घामाने भिजला. आणि चार दिवसांनी त्याची कळ कमी झाली.

खरंच कमी झाली. आठवड्याने निम्मी राहिली. पंधरा दिवसांनी हा माणूस रात्रभर घोरायला लागला. चाळीत माझा डंका वाजला. डॉक्टरला जमलं नाही ते कालिंदीच्या टाचेने केलं. शेवंतीने माझी ओटी भरली. तो स्वतः रोज सकाळी भिंतीला टेकून उभा राहायचा, मी टाच टेकवायची, आणि तो मागे न बघता नळावर जाऊन पाण्याची कळशी भरून आणायचा. माझ्यासाठी! एकदा न सांगता ताजे बोंबील घेऊन आला आणि स्वतः साफ करून दिले. हात उचलायचा बंद झाला. ज्या पायापुढे रोज पाठ वाकवायची, त्या पायाच्या बाईला मारायला त्याला भीती वाटत असावी. ते तीन आठवडे माझ्या संसारातले सगळ्यात सुखाचे. मी कँटीनमध्ये पोळ्या लाटताना गुणगुणायचे. माझ्याही डोक्यात शिरलं होतं की खरंच माझ्या पायात काहीतरी आहे.

मग एका बुधवारी तो गॅलरीतून चालत आला आणि त्याची डावी चप्पल मागे राहिली. शेवंतीच्या दारापाशी निघाली होती. हा एक पाय अनवाणी तसाच घरात आला, खुर्चीत बसला, चहा मागितला. चप्पल निघाल्याचं त्याला कळलंच नव्हतं.

मी ती चप्पल उचलून आणली आणि त्याच्या पायाशी ठेवली. नंतर ऐकू यायला लागलं. त्याचं डावं पाऊल जमिनीवर टेकत नव्हतं, आपटत होतं. फटक, फटक. नस मोकळी झाली नव्हती, मरत होती. माझ्या टाचेचा त्यात काही संबंध नव्हता. बुधवार, गुरुवार, शुक्रवार, शनिवार. चार दिवस मी तो आवाज ऐकला आणि तोंड शिवून बसले. डॉक्टर पूर्वींचा शब्द न् शब्द मला पाठ होता. पण दुखणं गेलं होतं म्हणून हात थांबला होता. आता मी म्हणायचं की हे बरं होणं नाही, चला कापायला? कुणी म्हणेल, बाई स्वार्थी. होते. चार दिवस सुखाला चटावले होते आणि त्या सुखाची किंमत त्याचा पाय भरत होता, हे मला नीट माहीत होतं.

रविवारी सकाळी तो मोरीत गेला आणि बाहेरच येईना. बऱ्याच वेळाने आला तो पोट चोळत. "लागलेली वाटते, पण होत नाय," म्हणाला.

"अहो, चला. आत्ता हॉस्पिटलात जायचं."

"कशाला?"

मी सगळं सांगितलं. चप्पल, पाऊल, लघवी. नस मरतेय, आजचा दिवस गेला तर जन्माची चाकाची खुर्ची. आणि हेही सांगितलं की मी लाथ कधी मारलीच नव्हती, नुसती टाच टेकवत होते.

तो आधी हसला. मग त्याचा चेहरा मला चांगला माहीत असलेल्या चेहऱ्यासारखा झाला. "बरा झालेला तुला बघवत नाय," तो म्हणाला. "एवढा वर्षभर मेलो तेव्हा बरी होतीस. आता मी उभा राहिलो तर परत पाडायला निघालीस?" थोबाडीत बसली ती कानासकट. दुसरी मी हातावर घेतली. तिसऱ्या वेळी त्याने माझा अंबाडा धरला आणि डोकं ओट्याच्या कडेवर आदळलं. भुवई फुटली, रक्त डोळ्यात उतरलं. शेवंती दारात येऊन उभी राहिली. "अगो, कशाला त्याला डिवचतेस, चांगला बरा झालाय तर," ती मलाच म्हणाली.

तो खुर्चीत जाऊन बसला, स्टुलावर डावा पाय लांब केला आणि टीव्हीचा आवाज मोठा केला. क्रिकेट चालू होतं. "पोळ्या टाक," म्हणाला.

मी पदराने डोळा पुसला आणि गॅस लावला. तवा ठेवला नाही. पोळी उलटायचं लोखंडी उलथनं घेतलं आणि नुसत्या ज्योतीवर धरलं. पातं आधी काळं झालं, मग निळं, मग कडेला लाल. आमची खोली ती केवढी. ओट्यापासून स्टूल दोन पावलांवर, आणि त्याचा तळपाय माझ्याकडे वळलेला. मी दोन पावलं गेले आणि उलथनं त्या तळपायावर टेकवलं.

चर्र झालं. शेवंतीने तोंडावर हात घेतला. मी एक, दोन, तीन मोजले. त्याला वाचवायचं होतं म्हणून मी ते केलं. आणि मोजताना मला गार वाटलं, हेही खरं. दोन्हीतलं एकच खरं मानायचं असेल तर ते तुम्ही ठरवा, मला जमलेलं नाही. धूर निघाला, मांस जळल्याचा वास खोलीत पसरला. त्याची नजर टीव्हीवरच होती.

"कालिंदे," तो नाक ओढून म्हणाला, "पोळी करपली बघ तुझी."

"पोळी टाकलीच नाही अजून," मी म्हटलं. "तुमचा पाय जळतोय."

तो खाली बघायला लागला. आधी माझ्या हातातल्या उलथन्याकडे, मग दारातल्या शेवंतीकडे, मग पायाकडे. पाय दोन्ही हातांनी उचलून मांडीवर घेतला आणि तळवा उलटा करून बघितला. टाचेपासून मधल्या खळग्यापर्यंत कातडी पांढरी होऊन सुटली होती. त्याने त्यावर बोट ठेवलं. मग नखाने दाबलं. मग कातडीचा सुटलेला तुकडा धरून ओढला. शेवंती भिंतीला धरून खाली बसली.

"दुखत नाय," तो म्हणाला. कुणाशी बोलत होता कोण जाणे. "दुखत का नाय गो?"

त्याचा हात वर आला. मी सवयीने मान खाली घातली. पण त्याने मारलं नाही. माझं मनगट धरलं, त्याच हातात उलथनं होतं, आणि ते आपल्या पायाकडे ओढायला लागला. वर्षभर ज्या कळेला शिव्या घालत होता, तिच्यासाठी रडायला लागला होता.

"परत लाव," तो म्हणाला. "जोरात लाव. कालिंदे, एकदा लाव ना परत."

मी मनगट सोडवून घेतलं आणि उलथनं मोरीत फेकलं. गॅस बंद केला. मग त्याच्या काखेत खांदा घालून त्याला उभं केलं आणि शेवंतीला म्हटलं, "ऊठ आता, खाली जाऊन टॅक्सी थांबव."